पन्नास पावलांवरची ताटली

मी एक रिव्हॉल्व्हर बोलतोय. दचकू नका. माझ्या पोटात आता एकही गोळी नाही, गेली तीन वर्षं नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगराळ भागात सॅलो फोर्क नावाचं गाव आहे. त्या गावाबाहेर हॉइट स्ट्राउडच्या घरात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मी असतो. अंगाभोवती तेलाचं फडकं आणि शेजारी लोकरी मोजे.

सिनेमात लोक कमरेला लावून फिरतात, तसला मी नाही. माझी नळी चांगली वीतभर लांब आहे. मला कमरेला लावलं तर बसताना टोक खुर्चीला अडकतं. मला हरणाच्या शिकारीसाठी घडवलं, आणि माझ्याकडून दुसरं कुठलंही काम कधी झालं नाही. तेही एकदाच झालं, आणि नीट झालं नाही. ते सांगायलाच आज बोलतोय.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीत आरपार भोक पाडलं, आतून पीळ कोरले, मग सहा घरांचं चक्र बसवलं. शेवटच्या टेबलावर पांढऱ्या केसांची एक बाई बसायची. ती प्रत्येकाचं चक्र कानाजवळ धरून फिरवायची आणि सहा वेळा ‘टक’ ऐकायची. माझं ऐकून तिने मान हलवली, मला खोक्यात ठेवलं आणि आपला डबा उघडला. मला पहिलं माणूस आठवतं ते हे. तिच्या बोटांना उकडलेल्या अंड्याचा वास होता.

सॅलो फोर्कमधल्या मिस इमोजीनच्या दुकानात मी आठ महिने काचेखाली पडून होतो. ते दुकान अर्धं बंदुकांचं आणि अर्धं मासेमारीचं. फ्रिजमध्ये एका कप्प्यात थंड पेयं आणि त्याच्या खालच्या कप्प्यात गांडुळं. मिस इमोजीन सत्तरीच्या होत्या. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लोंबकळायचा आणि त्या सगळ्या जगाला ‘बाळा’ म्हणायच्या.

तिथे मला माणसांची एक सवय कळली. मला हातात घेतलं की जो तो एक डोळा मिटून भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या टर्कीवर नेम धरायचा आणि तोंडाने हळूच ‘ठो’ म्हणायचा. बँकेतले साहेब म्हणायचे, चर्चमधले वडीलधारे म्हणायचे. मग ‘फार लांब आहे बुवा’ म्हणून मला परत ठेवायचे.

ऑगस्ट संपता संपता दोन भाऊ दुकानात आले. थोरला डेल्मर स्ट्राउड, बावन्न वर्षांचा, उंच आणि गप्प. त्याच्या शर्टाची डावी बाही कोपराशी दुमडून पिनेने टाचलेली होती. धाकटा हॉइट, गोल चेहऱ्याचा आणि भरभर बोलणारा. हॉइट सारखा डेल्मरच्या उजव्या बाजूने चालत होता. डेल्मर वळला की तोही वळून पुन्हा उजवीकडे यायचा. ती बाही आपल्याला दिसू नये अशी त्याची धडपड होती, हे मला नंतर समजलं.

फेब्रुवारीत त्यांच्या सॉ मिलमध्ये डेल्मर पात्याखाली अडकलेलं सालपट काढत होता. हॉइटला वाटलं, तो बाजूला झालाय. त्याने यंत्र चालू केलं.

“याला एका हाताने चालवता येईल असं काहीतरी द्या,” हॉइट म्हणाला. “रायफल आता जमत नाही त्याला. पण नोव्हेंबरात शिकारीच्या हंगामात हा घरी बसला तर वनेटा वहिनी वेडी होईल.”

“वनेटा वेडी होणार नाही,” डेल्मर म्हणाला. “ती मला भोपळे सोलायला बसवेल.”

“एका हाताने?”

“तेच तर. तिला मजा वाटेल.”

मिस इमोजीननी काचेवर आम्हा तिघांना ओळीने मांडलं. एकाची नळी चार इंच, एकाची सहा, आणि मी.

“हे बघ बाळा,” त्या डेल्मरला म्हणाल्या. “आखूड नळी न्यायला सोपी. पण नेम धरायची पुढच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जितकी जवळ, तितकी चूक लपते. तुला वाटतं नेम बरोबर आहे, आणि हरणापाशी गोळी हातभर बाजूला. लांब नळीत चूक लगेच दिसते. शिवाय पुढे वजन असलं की झटका कमी बसतो. आता डोळे मीट.”

“काय?”

“मीट म्हणते ना. डोळे मिटून उचल, समोर धर आणि मग उघड.”

डेल्मरने तसं केलं. चार इंचवाला त्याच्या हातात जमिनीकडे झुकला होता. सहा इंचवाला थोडा डावीकडे. मग माझी पाळी आली. त्याने डोळे उघडले तेव्हा माझ्या टोकावरची माशी मागच्या खाचेत नेमकी मधोमध उभी होती. मी काहीच केलं नव्हतं. त्याचा हात आणि माझी मूठ एकमेकांना आधीपासून ओळखत असल्यासारखं झालं.

डेल्मर तोंडाने ‘ठो’ म्हणाला नाही. त्याने नुसता श्वास सोडला. “हे,” तो म्हणाला.

दोघे भाऊ इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हॉइट म्हणाला, “आणि वर दुर्बीण. तुमच्याकडची सगळ्यात चांगली.”

“उघडी माशी दिसते मला,” डेल्मर म्हणाला.

“आज दिसते. पहाटे झाडाखाली दिसेल? ते लाल ठिपक्याचं नेमाचं भिंग नवीन निघालंय, तेही बघू. पण दुर्बीणच बरी. डेल, मला घेऊ दे ना. मला... मला घ्यायचीच आहे.”

मिस इमोजीननी चष्मा नाकावर चढवला. “दुर्बीण हरणाला जवळ आणते बाळा, हाताला स्थिर करत नाही. वर हे एवढं वजन येणार. दोन हातांचा माणूस ते सावरतो. तुझं तू ठरव डेल्मर, तुझा हात आहे.”

डेल्मरने भावाकडे पाहिलं. मीही पाहिलं. हॉइट तेव्हा मिलच्या मालकासारखा दिसत नव्हता. वर्गात काचेचं भांडं फोडलेल्या मुलासारखा दिसत होता.

“दुर्बीण चालेल,” डेल्मर म्हणाला. “मला हवीच होती खरं तर.”

मिस इमोजीननी चष्मा उतरवला आणि फॉर्म शोधायला आत गेल्या.

माझ्या पाठीला तीन भोकं पाडली. मागची खाच काढून एका पुडीत घातली. वर काळी, जाड दुर्बीण बसली. मी दीडपट जड झालो, आणि सगळा भार वर. त्या दिवसापासून मी सरळ उभा राहिलोच नाही. सतत डावीकडे कलंडायला बघायचो, कारण डावीकडून मला सावरणारं कुणी नव्हतं.

डेल्मरने खूप मेहनत घेतली. सप्टेंबर, ऑक्टोबर, रोज संध्याकाळी मिलवरून आला की घरामागच्या माळावर. मला दोन गुडघ्यांत धरून तो एकेक गोळी चक्रात सोडायचा. मग जमिनीवर बसून झाडाला पाठ टेकायची, समोर बेचक्याची काठी रोवायची आणि तिच्यावर मला टेकवायचं. तीस पावलांवर गोळ्या हव्या तिथे जायच्या. त्यापुढे गेलं की त्रास व्हायचा. दुर्बिणीतून हाताचा थरकाप मोठा दिसतो. तो थांबावा म्हणून डेल्मर श्वास रोखून धरायचा, श्वास संपत आला की घाई व्हायची, आणि मी कलंडायचो.

रात्रीच्या जेवणाआधी त्याची बायको वनेटा त्याच्या मनगटाला मलम चोळायची. तिचे हात बिस्किटांच्या पिठाने पांढरे असायचे.

“सुजलंय. सांग ना हॉइटला, जड होतंय म्हणून. पाच मिनिटांत काढून टाकतील ते धूड.”

“नको.”

“का नको? दुकानवालीला सांगितलं असतंस तरी—”

“वने, त्याने सहा महिने माझ्याकडे नीट बघितलेलं नाही. काल त्याने दुर्बीण पुसून दिली. पुसता पुसता शिट्टी वाजवत होता.”

मलमाची डबी बंद करून वनेटा चुलीकडे वळली.

आता त्यांच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. हंगामाच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, स्ट्राउड मंडळी ताटलीवर नेम तपासतात. चर्चच्या जेवणावळीत वापरतात ती साधी कागदी ताटली. हरणाच्या छातीत जीव असतो तेवढी जागा साधारण त्या ताटलीएवढी असते. ती खांबाला टाचायची आणि सहा गोळ्या झाडायच्या. सहाच्या सहा ताटलीत, तर त्या वर्षी तेवढं अंतर तुमचं. एक जरी बाहेर गेली तर दहा पावलं पुढे यायचं आणि नवी ताटली लावायची. जे अंतर ठरेल त्याच्या पलीकडे कितीही मोठ्या शिंगांचा नर उभा राहिला तरी चाप ओढायचा नाही.

आणि एक नियम. ज्याने झाडल्या, त्याने मोजायच्या नाहीत. दुसऱ्याने जाऊन बघायचं आणि मोठ्याने आकडा सांगायचा. डेल्मरचे वडील म्हणायचे, माणसाचा डोळा स्वतःच्या ताटलीशी मऊ वागतो. मोजून झालं की ती ताटली स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावायची, हंगाम संपेपर्यंत.

त्या रविवारी आधी हॉइटने आपल्या रायफलने सहा झाडल्या आणि डेल्मरने मोजल्या. मग डेल्मर पन्नास पावलांवर बसला.

“चाळीसवरून सुरू कर की,” वनेटा म्हणाली.

“पन्नासवरून जमतंय का बघू. नाही जमलं तर चाळीस आहेच.”

पहिली गोळी गेली. दुसरी गेली. माझ्या नळीतून सुटलेली गोळी कुठे गेली हे मला कळतं, ते कुणी सांगावं लागत नाही. तिसऱ्या वेळी मनगट खचलं आणि गोळी ताटलीखालून मातीत गेली. चौथी बरोबर. पाचव्या वेळी मी डावीकडे कलंडलो. सहावी बरोबर.

चार.

हॉइट ताटलीकडे चालत गेला. तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. चार मोजायला किती वेळ लागतो? त्याला जास्त लागला. त्याचा उजवा खांदा दोनदा हलला. मग तो वळला आणि त्याने ताटली डोक्याच्या वर धरली.

“सहा!” तो ओरडला. “सहाच्या सहा, डेल!”

डेल्मर हसला. फेब्रुवारीपासून तो हसल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याने मला मांडीवर ठेवलं आणि तळव्याने डोळे पुसले. वनेटा धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “आता भोपळे कोण सोलणार?” हॉइटही हसत होता, तोही डोळे पुसत होता.

मला तोंड आहे, पण त्यातून एकच आवाज निघतो आणि तोही दुसऱ्याने चाप ओढल्यावर. त्या दिवशी मी तिथेच होतो, मला खरं माहीत होतं, आणि मी गप्प होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख विचाराल तर हे.

शनिवारी हंगाम सुरू झाला. उजाडताना गवतावर दहिवर गोठलं होतं. दोघे भाऊ शिकाऱ्यांची नारिंगी जॅकेटं घालून निघाले. हॉइट डोंगराच्या वरच्या धारेवर गेला, डेल्मर ओकच्या जंगलात, जिथे हरणं ओकची गळलेली फळं खायला येतात. त्याने आदल्या दिवशी पावलं मोजून ठेवली होती. समोरचं वाकडं सीडरचं झाड बरोबर पन्नास.

आठ वाजले असतील. एक नर आला. फार मोठा नव्हता, मानेजवळ जुनी जखम होती, आणि खाताना दर दोन घासांनी तो मान वर करत होता. चालत चालत तो सीडरच्या झाडाशी येऊन थांबला. बाजू आमच्याकडे होती.

डेल्मरने माझा घोडा मागे ओढला. मला त्याच्या मनगटातली नाडी लागत होती. दुर्बिणीच्या गोलात ते हरीण वर-खाली, वर-खाली होत होतं. तो थांबला. मला वाटलं, आता सोडून देईल. चाळीस ठरलं असतं तर सोडलंच असतं, त्या माणसाने नियम कधी मोडला नव्हता. पण भिंतीवर सहा भोकांची ताटली होती. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला.

चाप ओढताना मी कलंडलो.

हरीण पाठ कमानीसारखी वाकवून उडालं आणि झाडीत शिरलं. डेल्मर तिथेच बसून राहिला. शिकारी लोक घाई करत नाहीत, जखमी जनावराला पडून राहू देतात. अर्ध्या तासाने तो सीडरपाशी गेला. पानांवर रक्त होतं, थोडं आणि काळपट. त्यात हिरवट काहीतरी मिसळलेलं होतं. म्हणजे गोळी पोटात लागली होती. असं जनावर लगेच मरत नाही.

हॉइट आला. दोघांनी दिवसभर माग काढला. एकेका थेंबाशी डेल्मर कागदाचा तुकडा ठेवायचा आणि पुढचा शोधायचा. तो गुडघ्यांवर रांगत होता, एका हातावर भार देऊन. दुपारनंतर थेंब ओढ्याशी संपले. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरले. तिसऱ्या दिवशी डेल्मर एकटाच गेला. चौथ्या दिवशीही. मी त्याच्या खांद्याला पट्ट्यात लटकलेला असायचो. जखमी जनावर समोर आलं तर त्याला सोडवायला मी लागणार होतो. मीही झाडीकडे बघत होतो. ते सापडलं नाही.

“चुकलं कुठे?” रोज घरी आल्यावर तो वनेटाला विचारायचा. “पन्नासच होती. मी मोजली होती. वारा नव्हता. सहा लागल्या होत्या मला पन्नासवर.”

पाचव्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात बसला होता. बाहेर पाऊस होता, म्हणून गेला नव्हता. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरची ताटली काढून आणली. त्याला बघायचं होतं की गोळ्या कुठल्या बाजूला जातात. आपलं मनगट नेमकं काय चुकतंय ते त्याला शोधायचं होतं.

त्याने ताटली खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

गोळीने कागदाला पडलेल्या भोकाच्या कडेने करडं वर्तुळ उमटतं, बोटाने पुसल्यावरही राहतं. चार भोकांना ते होतं. दोन स्वच्छ होती. कागद आतल्या बाजूला दबून फाटला होता.

तेवढ्यात मागच्या दाराने हॉइट आला. त्याच्या हातात सॉसेजचं पुडकं होतं, त्याने मारलेल्या हरणाचं.

“वहिनी नाहीत? हे घे, मिरी जरा जास्त पडलीय, पण—” त्याला टेबलावरची ताटली दिसली.

“ही दोन कशाने पाडलीस?” डेल्मरने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

हॉइट उभाच राहिला. पुडकं हातातच. “काडतुसाच्या टोकाने,” तो म्हणाला.

“का?”

“तू हसत नव्हतास, डेल. नऊ महिने झाले. मला वाटलं, दोनच तर आहेत. मला वाटलं, जंगलात तुझ्यासमोर एवढ्या लांब काही येणारच नाही. काय झालं असतं? तू चाळीसवर आला असतास, मग तीसवर, आणि ती बाही...”

“तीस चाललं असतं मला.”

“मला कसं कळणार?”

“मला विचारून.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. डेल्मरने ताटली उलटी ठेवली.

“हात गेला तेव्हा मी तुला एक शब्द बोललो नाही,” तो म्हणाला.

“नाही बोललास. बोलला असतास तर बरं झालं असतं.”

“बोलण्यासारखं काही नव्हतं. ती चूक होती. मी पात्याखाली आहे हे माहीत असतं तर तू यंत्राला हात लावला नसतास. मला ते त्या क्षणालाच माहीत होतं, जमिनीवर पडलो होतो तेव्हासुद्धा. ही चूक नाही, हॉइट. हे तू माहीत असून केलंस.”

हॉइटचा चेहरा लाल झाला. “आणि तू? दुकानात काय केलंस तू? तुला दुर्बीण नको होती. वहिनीने सांगितलं मला, मनगट सुजतं ते. मला म्हणालास हवीच होती. तू खोटं नाही बोललास?”

“बोललो.” डेल्मर म्हणाला. “माझ्या खोट्याने माझं मनगट दुखलं. तुझ्या खोट्याने ते जनावर तुटलेल्या आतड्याने ओढ्यापर्यंत गेलं. कदाचित त्याच्याही पुढे. आपल्याला माहीतसुद्धा नाही कुठपर्यंत.”

हॉइटने पुडकं टेबलावर ठेवलं. डेल्मरने मला उचललं, चक्र उघडून गोळ्या टेबलावर ओतल्या आणि मूठ पुढे करून मला भावाच्या हातात दिलं.

“तू घेतलंस, तूच ठेव.”

असा मी हॉइटकडे आलो.

ज्याच्या हातात मी बसतो त्याच्यापासून मला दूर केलं, याचा मला राग नाही. वस्तूंना रागावता येत नाही. पण एखाद्या माणसाला तुम्ही नेमके बसता हे एकदा कळलं की दुसऱ्याच्या घरात झोप लागत नाही.

पहिल्या हिवाळ्यात हॉइटने स्वतः बसून माझी दुर्बीण काढली. तीन भोकांत छोटे स्क्रू बसवले. पुडीतली खाच पुन्हा जागेवर आली. मी हलका झालो. एवढं सोपं काम होतं ते, वनेटा म्हणाली तसं, पाच मिनिटांचं. काम संपल्यावर तो मला मांडीवर घेऊन दिवाणखान्यात बसला आणि टीव्ही चालू करायला विसरला.

भाऊ अबोला धरून आहेत असं नाही. मिलमध्ये रोज बरोबर काम करतात. ‘ती फळी दे’, ‘ट्रक आला का’, ‘उद्या सुट्टी’ एवढं बोलतात. यंत्र चालू करण्याआधी हॉइट मोठ्याने विचारतो, “डेल, बाजूला आहेस?” आणि डेल्मर म्हणतो, “आहे.” पण हॉइटनेच सांगितलं आपल्या बायकोला, डेल्मरने ‘आहे’ म्हटल्यावरही आपण वळून बघतो, आणि आपण असं बघतो हे डेल्मरला दिसतं.

पुढचे दोन नोव्हेंबर महिने असेच गेले. डेल्मर जंगलात गेला नाही. हॉइट दोन्ही वर्षं मला ट्रकमध्ये घालून डेल्मरच्या फाटकापर्यंत गेला आणि इंजिन बंद न करताच परत आला.

या वर्षी त्याने इंजिन बंद केलं.

डेल्मर ओसरीवर बसून अक्रोड फोडत होता. त्याने लाकडाच्या ठोकळ्यात खळगा केला होता. अक्रोड त्यात बसवायचा आणि उजव्या हाताने हातोडी. बोटं अक्रोडाच्या सालीने काळी झाली होती.

“हे आणलंय,” हॉइट म्हणाला. “दुर्बीण काढली. तीन वर्षं झाली काढून. उचलून तर बघ.”

डेल्मरने हातोडी ठेवली, हात पँटला पुसला आणि मला घेतलं. त्याने डोळे मिटले नाहीत, तशी गरज नव्हती. त्याने मला समोरच्या कुंपणाच्या खांबावर धरलं. माशी खाचेत मधोमध. हात हलला नाही. मी त्या मुठीत इतका स्वस्थ होतो की मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

“हलकं झालं,” डेल्मर म्हणाला.

“झालं ना? शनिवारी हंगाम सुरू होतोय. उद्या रविवार. ताटल्या आहेत माझ्याकडे.”

“ताटलीपाशी कोण जाणार?”

“मी जाईन. आणि मी... या वेळी जे असेल तेच.”

डेल्मरने मला मांडीवर ठेवलं. “तू सहा म्हणालास तर मला वाटेल, दया केलीस,” तो म्हणाला. “आणि चार म्हणालास तर वाटेल, त्या वेळचं फेडतोयस. मला खरं कसं कळणार, हॉइट?”

“मग वहिनी जातील. किंवा तू स्वतःच जाऊन बघ. सगळे बघतात.”

“आपल्या बापाने ताटलीपाशी तुलाच पाठवायला शिकवलं मला. मी दहा वर्षांचा होतो आणि तू सहाचा. तुला तेव्हा सहापर्यंतच मोजता येत होतं.”

दोघेही किंचित हसल्यासारखे झाले. मग डेल्मरने मला परत दिलं. फेकून नाही, हळू. जसं कुणाचं तरी बाळ परत देतात.

“तू जा शनिवारी,” तो म्हणाला. “मला अक्रोड आहेत.”

हॉइट ट्रकमध्ये येऊन बसला, पण किल्ली फिरवेना. थोड्या वेळाने वनेटा फाटकाशी आली. तिने खिडकीतून अक्रोडाच्या गरांची पिशवी आत दिली.

“किती वेळ लागेल त्याला, वहिनी?”

“माहीत नाही रे.”

“पण होईल ना ठीक?”

वनेटाने ओसरीकडे पाहिलं. “तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू शकते,” ती म्हणाली. “सांगू?”

हॉइटने मान हलवली. नको.

वाचकहो, माझ्यासारख्या वस्तूकडून तुम्ही काय ऐकून घ्याल? तरी एक मागणं आहे. कुणी मला निवडलं, तर नळी किती लांब आणि वर काय बसवायचं हे त्याच्या हाताला विचारा, स्वतःच्या मनाला नको. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्या ताटलीपाशी तुम्हाला पाठवलं, आणि चार लागलेल्या दिसल्या, तर वळा आणि चार म्हणा. तो वाईट वाटून घेईल. दहा पावलं पुढे येईल. बस, तेवढंच होईल.

शनिवारी हंगाम सुरू झाला. खणात पडल्या पडल्या मला लांबचे बार ऐकू येत होते, एक ओढ्याकडून, दोन वरच्या धारेवरून. हॉइटने सकाळीच नारिंगी जॅकेट घातलं होतं. नऊ वाजता त्याने ते काढून खुंटीला लावलं आणि खुर्चीत बसला. अर्ध्या मैलावरच्या ओसरीतून हातोडीचा आवाज येत होता, एक-एक, सावकाश. तो ऐकत बसला. मीही ऐकत होतो.